गोष्टीतली पहिली बायको

माझ्या बायकोला नाताळच्या प्रेमकथा वाचायचं वेड होतं आणि मला त्या वेडाची चेष्टा करायचं. इंग्रजी पुस्तकं, जाडीला बेताची, आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर तेच चित्र: बर्फानं झाकलेलं घर, खिडकीत पिवळा उजेड, दाराला हिरव्या पानांचं कडं आणि लोकरी टोपी घातलेली एक बाई, उगाचच हसणारी. हे सोलापुरात बसून बघायचं. आमच्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारी पंखा लागतो. "हिला मे महिन्यात सात रस्त्याच्या चौकात उभी करा, मग बघू किती हसते," असं मी म्हणायचो. ती पान उलटायची.

पुस्तकं आमच्या चर्चच्या हॉलमधल्या लोखंडी कपाटातली. परदेशातल्या कुठल्याशा चर्चच्या मंडळीनं कधीकाळी जुने कपडे, खेळणी आणि पुस्तकं खोक्यांत भरून पाठवली होती. कपडे आणि खेळणी त्याच नाताळात वाटून संपली, पुस्तकांना कुणी हात लावला नाही. कपाटाची किल्ली रविवार शाळेच्या बाईंकडे असायची आणि रविवार शाळेच्या बाई म्हणजे माझी बायको. तिनं एक घरी आणलं, मग दुसरं, मग तिला सवयच लागली.

गोष्टही ठरलेली. शहरात नोकरी करणारी एक मुलगी नाताळासाठी आपल्या लहानशा गावी परत येते. आजीची बेकरी बुडायला आलेली असते. गावात एक विधुर असतो, सुतार नाहीतर गुराढोरांचा डॉक्टर, आणि त्याची एक छोटी पोरगी, जी रोज झोपताना देवाकडे आई मागते. दोघं मिळून चर्चमधलं नाताळचं नाटक बसवतात. मध्ये एक गैरसमज होतो, तो प्रार्थनेनं मिटतो, बेकरी वाचते आणि शेवटच्या पानावर, बर्फ पडत असताना, एकच चुंबन. शिवी नाही, दारू नाही, कुणी कुणाच्या खोलीत जात नाही. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो. "हे गाव नकाशात कुठं आहे ते दाखव," असं मी तिला विचारायचो.

"नकाशात असतं तर वाचलं कशाला असतं?" ती म्हणायची.

ती भाबडी नव्हती, हे सांगायला हवं. ती नर्स होती. सगळी नोकरी वॉर्डात गेली. माणसं मरताना तिनं इतकी पाहिली होती की रडणाऱ्या नातेवाइकांना बाजूला घेऊन नेमकं काय बोलायचं हे डॉक्टरांपेक्षा तिला चांगलं जमायचं. अशी बाई घरी येऊन बेकरीच्या गोष्टी वाचते, याचं मला नवल वाटायचं. दिवसभर जे पाहिलं त्यावर उतारा म्हणून वाचत असेल, असा मी माझ्यापुरता निकाल लावून टाकला होता.

आम्हांला मूल नाही. हे इथंच सांगून टाकतो. घरात दोनच माणसं, आणि त्यातल्या एकाला स्वयंपाक येत नाही, बिलं कुठं भरायची ते माहीत नाही, आणि शेजाऱ्यांशी दोन वाक्यांपलीकडे बोलता येत नाही. तो एक म्हणजे मी.

साखरेनं आधी तिची नजर घेतली, मग मूत्रपिंडं. नजर अगदी गेली नाही, समोरचा माणूस ओळखू यायचा, पण छापलेलं अक्षर दिसेनासं झालं. मग आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी रिक्षा दारात यायची. पिशवीत डबा, टॉवेल आणि एक चादर, कारण त्या एसीच्या खोलीत अंगातलं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येतं तेव्हा माणसाला थंडी वाजते. पहिले काही महिने ती तिथल्या पोरसवदा नर्सना सुई कशी धरायची ते सांगायची. मग तिनं सांगणं बंद केलं. मग बोलणंही कमी झालं.

एका संध्याकाळी मी मेथी निवडत होतो, म्हणजे देठं ठेवून पानं टाकत होतो, आणि ती पलंगावरून म्हणाली, "अहो, आता पुरे करू या."

"काय पुरे?"

"मशीन. मी किती जणांना त्या वाटेनं पोचवलंय. पुढं काय काय होतं ते मला पाठ आहे. आपण होऊन थांबलेलं बरं. लई दमले मी."

मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही. हात मेथीत तसेच राहिले. तिच्याशी वाद घालणं म्हणजे डोंगराला धडक, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. तेव्हा तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, "ते तुझं अर्धं राहिलेलं पुस्तक तरी संपवू. मी पहिल्यापासून वाचून दाखवतो. मशीनवरच वाचतो, तिथं वेळ वायाच जातो."

"मराठीत सांगाल?" तिनं विचारलं. "तुमच्या तोंडून इंग्रजी ऐकलं की परीक्षा चालू आहे असं वाटतं."

तर असा मी, ज्यानं त्या पुस्तकांची वर्षानुवर्षं चेष्टा केली, तोच त्यांचा वाचक झालो. आणि एक गोष्ट लवकरच माझ्या ध्यानात आली. गोष्ट अर्धी असली की ती रिक्षात बसायची. बस, मला तेवढंच हवं होतं. मी चिक्कूपणानं वाचायला लागलो. एक प्रकरण दोन खेपांना पुरवायचं. फारच पुढं गेलो असं वाटलं तर मध्येच बर्फ कसा तयार होतो यावर एक पाठ घ्यायचा. पुस्तक संपत आलं की त्याच दिवशी दुसरं सुरू करायचं, म्हणजे मध्ये मोकळा दिवस राहायला नको. घरी ती झोपली की मी पुढची पानं चाळून ठेवायचो. एकदा तिनं पकडलंच. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? आवडलंय म्हणा की," ती म्हणाली. मी म्हटलं, तयारी करतोय. शिकवायला जाण्याआधी मास्तरानं धडा बघावाच लागतो.

वॉर्डात तिच्या डावीकडे शहराच्या पूर्व भागातल्या एक बाई असायच्या. घरी तेलुगू, घरातले पुरुष कापडाच्या मागावर, आणि त्यांनी स्वतः आयुष्यभर विड्या वळलेल्या. एक हात मशीनला अडकलेला असला तरी दुसऱ्या हाताची बोटं चादरीच्या काठाशी वळत राहायची. उजवीकडे होटगीचे एक म्हातारे, रेल्वेत गँगमन होते, रुळांची निगा राखणारे. दोघांचाही ख्रिस्ताशी संबंध नाही आणि बर्फाशी त्याहून नाही. पण चार तास माणूस छताकडे किती बघणार? आठवड्याभरात दोघं कान देऊ लागले. पुढच्या आठवड्यात मी खुर्ची सरकवून मधोमध बसायला लागलो.

आता बायको एकटी असती तर मी जसंच्या तसं सांगितलं असतं. पण परक्या माणसांसमोर काही गोष्टी जिभेवर येत नाहीत. बेकरीतल्या त्या दालचिनीच्या गुंडाळ्या मी 'गोड पाव' करून टाकल्या, ते चाललं. चुंबनाशी आलो तेव्हा मात्र म्हातारे एकटक बघत होते. मी घसा खाकरला आणि सांगितलं, "मग दोघांनी एकमेकांना जय ख्रिस्त म्हटलं." बायको इतकी हसली की हात हलला आणि मशीन बोंबलायला लागलं. नर्स धावत आली. कित्येक महिन्यांनी तिला असं हसताना पाहत होतो, आणि मी मनात ठरवलं की पुढच्या पुस्तकातही जय ख्रिस्तच म्हणायचं.

पण एका जागी मी खरा अडलो. ह्या गोष्टींतला पुरुष विधुर असतो. म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच एक बाई मेलेली असते. अपघातानं कधीतरी, बहुतेक वेळा आजारानं. पहिल्याच प्रकरणात दोन ओळींत तिला उरकलेलं असतं. ते वाक्य मी त्या खोलीत कसं म्हणणार? डावीकडे मशीन, उजवीकडे मशीन, मध्ये माझी बायको. आमच्या समाजात तसंही कुणी मरत नाही. माणसं प्रभूमध्ये झोपी जातात, स्वर्गीय घरी जातात. ते शब्दसुद्धा मला उचलेनात. पहिल्यांदा त्या ओळीपाशी आलो आणि तोंडातून निघून गेलं, "त्याची पहिली बायको माहेरी गेली होती." बायकोनं माझ्याकडे मान वळवली. दुसऱ्या पुस्तकातली बाईही माहेरी गेली. तिसऱ्यातलीही.

विड्यावाल्या बाईंना हे पटेना. "मग परत आली न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"नाही आली."

"भांडण झालं होतं?"

"भांडण नाही."

"मग ह्यानं आणायला जायचं की. मानूस चांगला म्हणता, देवळात नाटक करतो म्हणता, आन बायकोला आणायला जात न्हाई? वर दुसरीसंगं पाव भाजत बसतो?"

होटगीच्या म्हाताऱ्यांनी त्या माणसाची बाजू घेतली. "तिकडं बरफ लई पडतोय म्हनतेत मास्तर. रुळाचे पॉइंट गोटत आसतील. गाडीच बंद म्हनल्यावर ती येनार कशी?"

"उन्हाळ्यात तर सुटंल की गाडी," बाई म्हणाल्या.

हा वाद महिनाभर चालला. मला त्यात मजा वाटायला लागली होती, हे खरं आहे. तिघंही माणसं पुढं काय होणार म्हणून बोलत होती, आणि बायको रिक्षात बसत होती. दुसरं काही मी बघतच नव्हतो.

नाताळ जवळ आला होता. चर्चवर चांदणी लागली होती आणि महिला मंडळाच्या करंज्यांची गडबड सुरू झाली होती. त्या दिवशी मी चौथं पुस्तक सुरू केलं आणि ह्याही माणसाची बायको माहेरी धाडली. विड्यावाल्या बाईंनी उसासा टाकला. मग माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या बायकोकडे वळल्या आणि हलक्या आवाजात, खरोखरच्या काळजीनं म्हणाल्या, "तुमच्यात असंच असतंय का ओ बाई? माहेरी गेली की संपलं?"

बायकोनं त्यांच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "नाही हो. ती मेलीय. सगळ्या पुस्तकांत ती मेलेलीच असते. आमचे हे लपवतात."

मी पुस्तकातच डोळे घालून बसलो. म्हातारे "व्हय का," म्हणाले आणि त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. विड्यावाल्या बाईंची बोटं थांबली होती. त्या म्हणाल्या, "मग बरंय. सोडून न्हाई गेली त्याला." मग त्यांनी मला सांगितलं, "मास्तर, पहिल्यापासून सांगा आता. खरं खरं सांगा." मला एक ओळसुद्धा वाचता आली नाही. चष्म्याचं काहीतरी झालंय असं सांगून मी पुस्तक मिटलं.

परत येताना रिक्षा तलावाच्या कडेनं चालली होती. ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. डायलिसिस झालं की तिच्या अंगात काही उरायचं नाही.

"इतकी वर्षं तुम्हाला काय वाटलं, मी त्या बेकरीवालीसाठी वाचते?" ती म्हणाली.

"मग कुणासाठी?"

"त्या माणसाला बघते मी. पहिली गेल्यावर तो कसा राहतो ते. सुरुवातीला त्याच्या घरात दिवा लावलेला नसतो बघा. भांडी तशीच पडलेली. मग कुणीतरी त्याला जेवायला बोलावतं. आधी जात नाही, मग जातो. मग एकदा हसतो. शेवट काय होणार ते ठाऊक असतं मला, पण ते परत परत बघावंसं वाटतं." ती म्हणाली, "आणि पहिलीला कुणी विसरत नाही त्यात. फोटो काढून टाकत नाहीत. नवी येते तीच त्या फोटोवरची धूळ पुसते. लिहिणाऱ्या बायका चांगल्या असल्या पाहिजेत."

मग तिनंच सांगितलं, की साखर पहिल्यांदा निघाली त्या वर्षी तिनं ते कपाट उघडलं होतं. पुढं काय वाढून ठेवलंय ते नर्सला कुणी सांगावं लागत नाही.

मला तिचा राग आला. इतका की रिक्षा थांबवून उतरावंसं वाटलं. मी पुस्तकं वाचून तिला धरून ठेवत होतो, आणि ती तीच पुस्तकं ऐकत माझी मागची सोय बघत होती. दोघं एकाच पानावर बसून दोन वेगळ्या दिशांना ओढत होतो. मी म्हटलं, "मला असलं काही शिकवू नकोस. मी सुतार नाही, मला पोरगी नाही, आणि सोलापुरात बर्फ पडत नाही."

"म्हणून तर काळजी वाटते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं सांगून टाकलं. नाताळ, नवं वर्ष होऊ दे, सणात मंडळीला मयत नको. त्यानंतर मात्र मशीन नको. मी चर्चच्या पाळकसाहेबांना घरी बोलावलं. ते तिच्याशी दार लावून बोलले आणि बाहेर येऊन त्यांनी माझाच हात हातात घेतला, तेव्हा कळलं की ते तिच्या बाजूचे झालेत. डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, तिचा निर्णय तिचा आहे. शेवटी गुडघे टेकून प्रार्थना केली. पुस्तकांत गैरसमज प्रार्थनेनं मिटतो. आमच्यात गैरसमज नव्हताच, तिचं म्हणणं मला पूर्ण कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच देवाकडे नेमकं काय मागायचं ते सुचेना. त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली आहे. चर्चला जातो, उभं राहायचं तिथं उभा राहतो, एवढंच.

नाताळच्या उपासनेला ती आली. खुर्चीवर बसून सगळी गीतं तोंडपाठ म्हटली. घरी आल्यावर अर्धी करंजी खाल्ली आणि उरलेली मला दिली. मी तिला म्हटलं की चौथ्या पुस्तकातली पुष्कळ पानं अजून राहिलीत, बेकरीचं काय होतंय ते कळलेलं नाही. "ती तुम्ही वाचा," ती म्हणाली.

ती गेल्यावर मी ती वाचली. ते पुस्तक वाचलं आणि कपाटातली इतरही. लोकांना ह्या गोष्टी का आवडतात ते आता मी सांगू शकतो. त्यांत सगळ्यांत वाईट ते आधीच होऊन गेलेलं असतं. पान एकपासून पुढं फक्त बरं व्हायचं असतं. तेवढ्यासाठी माणूस बर्फ खातो, गोड पाव खातो, पोरीची प्रार्थनाही खपवून घेतो. मी मात्र दिवा न लावलेल्या घराच्या प्रकरणापर्यंतच पोचतो. तिथपर्यंत लिहिलेलं सगळं अगदी खरं आहे, भांडीसुद्धा. त्यापुढं त्याला कुणी जेवायला बोलावतं आणि तो जातो, ते मला खरं वाटत नाही. मला महिला मंडळानं दोनदा बोलावलं. नगरकडची एक विधवा शिक्षिका आहे, स्वभावानं शांत आहे, असंही कुणी सुचवून पाहिलं. मी दार लोटून घेतलं. तिनं इतकी वर्षं खपून जे मला शिकवायचा प्रयत्न केला त्यातलं काहीही माझ्यात उतरलं नाही, आणि उतरेल असं वाटतही नाही.

रिक्षा आली त्या शेवटच्या सकाळचं मात्र सांगतो. जानेवारी लागला होता. मी नेहमीसारखी पिशवी भरली. तिनं विचार बदलला असेल असं मला वाटत नव्हतं, तरी भरली. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

"आज नको," ती म्हणाली.

मी बाहेर गेलो आणि रिक्षावाल्याला परत पाठवलं. पुन्हा कधी येऊ, असं त्यानं विचारलं. मी फोन करतो म्हणालो.

आत आलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. "पाणी द्या," म्हणाली. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मनसोक्त पिता येत नाही. मूत्रपिंडं चालत नाहीत, पाणी अंगातच साठतं आणि फुप्फुसात चढतं. दिवसभराचं पाणी मी सकाळी एका बाटलीत भरून ठेवायचो आणि तेवढंच द्यायचो. उन्हाळ्यात ती माझ्याकडे बघायची आणि मी बाटली कपाटात ठेवायचो. तिला आजवर सगळ्यांत जास्त छळलं ते मी, ते असं.

सवयीनं माझा हात बाटलीकडे गेला. "तांब्याभर द्या," ती म्हणाली.

मी माठातला तांब्या भरून आणला. तिनं दोन्ही हातांनी धरला आणि न थांबता प्यायली. गळ्याशी पाणी ओघळलं ते मी पुसलं. रिकामा तांब्या तिनं माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "अजून." मी अजून आणलं.